सावलीचा हुकूम

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या भांडारात मोडक्या बाकांमागे जे जाडजूड वेटोळे पडले आहे, तो मी. मी एक जुना दोर आहे. अंधारात साप समजून तुमच्यातले काहीजण मला पाहून पळतात, त्याचे मला वाईट वाटत नाही. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. तो आज सांगून टाकतो.

माझा जन्म एका दोरखान्यात झाला. घायपाताचे धागे विंचरून त्यांचे तीन पेड वळले आणि तिघांना एकत्र पीळ देऊन मला घडवले. पीळ देणारी बाई म्हणाली, "हा तुटायचा नाही, ओढणारेच दमतील." पुढे मी सैन्यात गेलो. पूल बांधणाऱ्या तुकडीत एक तरुण सैनिक होता. नदी फुगलेली असताना तो मला कमरेला बांधून पलीकडे पोहत गेला, एका खडकाला त्याने गाठ मारली आणि माझ्या आधाराने सगळी तुकडी पार झाली. ती गाठ जराही सरकली नाही. तेव्हापासून मी त्याला ओळखतो.

पुढे पुलाची तुळई पडून त्याचा गुडघा गेला. निवृत्तीच्या दिवशी तो लंगडत सैन्याच्या भांडारात आला. भांडारप्रमुख मला निकामी मालाच्या ढिगात टाकत होता.

"हा मला द्या," सैनिक म्हणाला.

"अहो, हा निकामी ठरलाय."

"मीही आजच ठरलोय. दोघं बरोबरच जातो."

असे आम्ही या शाळेत आलो. तो भूगोल शिकवू लागला आणि छात्रसेनेचा प्रमुख झाला. वर्गात तो मला जमिनीवर एकाच्या आत एक वेढे घालून मांडायचा आणि म्हणायचा, "हा डोंगर. चढा." मुले वेढे ओलांडत मधे पोहोचायची आणि नकाशातल्या उंचीच्या रेषा त्यांना कायमच्या कळायच्या. मैदानावर त्याचा आवाज फाटकापर्यंत जायचा, म्हणून मुलांनी त्याचे नाव ठेवले सावधान सर. त्याची बायको हसून सांगायची, "मैदानावर सावधान, घरी मात्र कायम विश्राम."

एकदा शाळेशेजारच्या चरात माती ढासळून एक मजूर अडकला. सरांनी मला खाली सोडले आणि छात्रसैनिकांनी त्याला वर ओढून काढले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र आले. माझे टोक हातात धरून पुढे उभे होते संस्थेचे अध्यक्ष. मजूर वर येत होता तेव्हा ते घरी झोपले होते. सरांनी माझी माती झटकून मला उन्हात वाळत घातले. अध्यक्ष कसे आहेत, हे मला मात्र तेव्हाच कळायला हवे होते.

मग शाळेच्या समारंभाचा दिवस आला. मोठे पाहुणे येणार होते. फाटकापासून व्यासपीठापर्यंत दुतर्फा छात्रसैनिक उभे केले आणि गर्दी अडवायला मला त्यांच्या हातात दिले. भर दुपार, डांबरी रस्ता आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. अध्यक्ष छताखाली बसून सरबत पीत होते. सर त्यांच्याकडे दोनदा गेले.

"मुलांना पाणी पाजतो."

"रांग मोडेल. थांबा जरा."

माझ्यावरचे हात घामाने निसटू लागले होते. बेकरीवाल्याची मुलगी माझ्या मधोमध उभी होती. तिची मूठ सैल झाली आणि ती कोसळली. रस्त्याच्या कडेचा दगड तिच्या कपाळाला लागला. सरांनी तिला उचलले, रुमाल कपाळावर दाबला आणि शांत आवाजात हुकूम दिला, "छात्रसैनिक, दोर खाली. उजवीकडे वळ. झाडाखाली चल."

नेमकी तेव्हाच पाहुण्यांची गाडी आली. रस्ता रिकामा होता.

अध्यक्ष संध्याकाळी मैदानावर आले. "जन्मभर सैन्यात काढलात आणि हुकूम मोडता?"

"हुकूम सैनिकाला असतो," सर म्हणाले. "ही मुलं आहेत. पाहुण्यांच्या वाटेवर मांडलेल्या कुंड्या नव्हेत."

त्या आठवड्यात सरांना काढून टाकले. कारण दिले बेशिस्त. मित्रांनो, ज्या माणसाने तुम्हाला बुटांची नाडी बांधण्यापासून शिस्त शिकवली, त्याला बेशिस्त म्हटले. तुमचे सगळे शिक्षक तेव्हा हाताची घडी, तोंडावर बोट असे बसले. पालक म्हणाले, "आपण कशाला वाकड्यात शिरा?" एकटा बेकरीवाला विचारायला गेला. त्याला सांगितले, "मुलगी उपाशीपोटी आली असेल."

"साहेब, आमचं घर बेकरीतच आहे," तो म्हणाला. "उपाशी कशी येईल?"



माझी रवानगी भांडारात झाली. कधी कचऱ्याचे पिंप ओढायला, कधी फळ्या बांधायला मला काढत. पावसात भिजलो तरी कोणी वाळवले नाही. एक पेड झिजला. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसा माझा राग तेवढा शाबूत राहिला.

पुढच्या वर्षी पुन्हा पाहुणे, पुन्हा रांग, पुन्हा तेच ऊन. छात्रसेना आता खेळाच्या शिक्षकांकडे होती. बेकरीवाल्याची मुलगी रांगेची प्रमुख होती. तिने पाणी मागितले.

"थोडं थांब गं," शिक्षक म्हणाले आणि अध्यक्षांकडे पाहू लागले.

तिच्या पलीकडचा सर्वांत लहान मुलगा डोलू लागला होता. तिने मला जमिनीवर ठेवले. मग तिने सरांचाच हुकूम दिला, "छात्रसैनिक, उजवीकडे वळ. झाडाखाली चल." सगळी रांग वळली आणि झाडाखाली गेली. शिक्षक क्षणभर उभे राहिले, मग पाण्याची कळशी उचलून मुलांच्या मागे गेले.

पाहुणे उतरले. अध्यक्ष घाईघाईने म्हणाले, "माफ करा, रांग होती, पण मुलांनी बेशिस्तपणा केला."

"रांग मी मागितली होती का?" पाहुण्यांनी विचारले.

दुसऱ्या दिवशी मला गुंडाळताना त्या मुलीने मैत्रिणीला सांगितले की ती सरांच्या घरी जाऊन आली. सरांनी सगळे ऐकले आणि एवढेच विचारले, "शेवटच्या मुलापर्यंत पाणी पोहोचलं ना?"

आता समारंभ सकाळी होतात. रांग उभी करत नाहीत. पण सरांना परत बोलावलेले नाही, आणि त्यांच्यावरचा तो बेशिस्तीचा ठपकाही कोणी पुसलेला नाही.

मित्रांनो, दोर भिजला तर वाळवावा, झेपेल तेवढाच ताणावा, झिजलेला पेड वेळीच बघावा. माझ्यासाठी एवढे केलेत तरी मी खूश होईन. पण आधी दोन गल्ल्या पलीकडे जा. तिथे सर राहतात. ते परत येतील की नाही, मला माहीत नाही. बोलवायला तुम्ही जा, आणि 'आमची चूक झाली' हे म्हणायला एका तरी मोठ्या माणसाला हाताला धरून सोबत न्या.