लाल सुताची गाठ

चंद्राबाईने कनवटीचं लाल सूत काढून डावीकडच्या बाटलीच्या गळ्याला बांधलं, पण ती स्टुलावरून उठली नाही.

"निघा आता," डॉक्टर मारुतीराव पुढच्या चिठ्ठीला हात घालत म्हणाले. "डावीकडची पोटात, उजवीकडची छातीला चोळायची. सांगितलं ना?"

"सांगितलासा. आता म्या म्हणून दावतो."

बाकावरची माणसं हसली. औषधं कालवणारा भरमू तर तोंडावर हात धरून. "आक्का, ही काय साळा हाय व्हय?"

"साळंत कवा गेलतो म्या? मागावर शिकलो. मालक काठाचा रंग सांगतो, आमी त्येलाच परत म्हणून दावतो, मगच ताणा लागतो. एकदा परत म्हणून न्हाय दावलं, तर दोन लुगड्यांचं काठ हिरव्याचं निळं झालं." तिचा आवाज खाली आला. "आन ह्ये लुगडं न्हवं. घरात यमनाप्पा आठ दीस खोकतोय."

नवऱ्याचं नाव तिने चारचौघांत घेतलं, हे तिलाही नंतरच कळलं.

दारावर एल.सी.पी.एस. या डॉक्टरी पदवीची पाटी लागल्यापासून मारुतीरावांना कुणी उलट काही ऐकवलं नव्हतं. ते सांगत, समोरचा "व्हय" म्हणे आणि जाई. त्यांना तो "व्हय" आवडायचाही.

"म्हणा," ते लिहिता लिहिता म्हणाले.

"ही लाल सुताची पोटात, दोन चमचे, दिसातनं तीनदा. बिनसुताची छातीला."

"हं."

"हं नगं, डाक्टर. मालकसुदिक वर बघतो."

त्यांनी वर पाहिलं. हसूच येत होतं. पण तिने पुढे धरलेल्या लाल सुताच्या बाटलीच्या गळ्याशी तेलकट कड दिसली. त्यांनी बूच काढून वास घेतला. टर्पेंटाइन नाकात झोंबलं. मग दुसरी हुंगली.

पिण्याचं औषध भरमू नेहमी डाव्या हाताला ठेवायचा. आज तिथे कुणीतरी दिलेली लिंबांची पाटी होती. म्हणून बाटल्या उलट बसल्या, आणि डॉक्टरांनी पाहिलंच नाही.

"बाई, मीच चुकीचं सांगितलं. हे चोळायचं. पोटात गेलं असतं तर..."

 

सूत त्यांनी स्वतः सोडलं आणि दुसऱ्या बाटलीला बांधलं. चंद्राबाईने ओढून पाहिलं. "सुटंल ही." तुटलेला धागा जोडताना मारतात तशी बारकी गाठ तिने मारली.

"पुन्हा म्हणा," मारुतीराव म्हणाले. या वेळी टाक खाली ठेवून.

आठ दिवसांनी यमनाप्पा शहापुरातल्या घरून स्वतःच्या पायांनी आला. मागोमाग ती. टेबलावर थर्मामीटरशेजारी लाल सुताचं रीळ होतं आणि समोर गुंडू हमाल घामाघूम बसला होता.

"सांग, काय म्हणालो मी?"

"तुमी म्हणलासा त्येच की!"

"ते कोणतं?"

"पोटात घ्यायचं रं, गुंड्या!" बाकावरून कुणीतरी कळवळून सांगितलं.

"त्याला म्हणू दे," डॉक्टर म्हणाले. गुंडूने म्हटलं, अडखळत, पण बरोबर. डॉक्टरांनी बाटलीला सूत बांधलं, ओढून पाहिलं. गाठ सुटून हातात आली.

त्यांनी एकदा चंद्राबाईकडे पाहिलं आणि बाटली तिच्या बाजूला सरकवली.