योहेईच्या दगडावरचं शेवाळ

"साहेब, कागदाच्या आत कागद आहे हो," सरकत्या दाराला नवा कागद लावायला आलेला कारागीर म्हणाला. जुन्या घरांतून असं निघतंच. रद्दी कागद अस्तराला चिकटवायचे. मी हसत वाचायला घेतला आणि पाठ फिरवून पुन्हा वाचला. उठावाच्या म्होरक्याचं नाव चिठ्ठीनं कळवल्याबद्दल मिमासाका प्रांताच्या अधिकाऱ्यानं गावप्रमुख तोयोफुकुला दिलेलं ते शाबासकीपत्र होतं. तोयोफुकु म्हणजे आम्ही.

गावाचा इतिहास मीच लिहिलाय. नगरपालिकेत कारकुनी केली, निवृत्त झाल्यावर पुस्तिका छापली. तीनशे वर्षांपूर्वी भाताच्या कराविरुद्ध शेतकऱ्यांनी अर्जावर गोलाकार सह्या केल्या, म्होरक्या कोण ते कळू नये म्हणून. तरी त्यांच्यातल्याच हारुनानं चिठ्ठी लिहून योहेईचं नाव फोडलं आणि योहेईचं मुंडकं उडालं, असं दर शरदात त्याच्या स्मारकाच्या दगडापुढे मी मोठ्यानं वाचतो. हारुनांच्या सूनबाई, इतोएवहिनी, त्याआधी तो दगड धुऊन ठेवतात. त्या फितुरीचं प्रायश्चित्त म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरच्या बायकांनीच धुवायचा, असा रिवाज.

कारागिराला मी तो कागद परत आतच चिकटवायला लावला. आणि त्या शरदात हारुनाचं नाव वाचलं. खणखणीत आवाजात. लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

वर्षभर ते दार सरकवताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. यंदा मी ते फाडलं, लोक जमायच्या आधी टेकडीवर दगडापाशी गेलो आणि वहिनींपुढे कागद धरला. सगळं सांगितलं, गेल्या वर्षीचंही.

त्या घासायच्या थांबल्या नाहीत. "आमच्यानं लिहिलं नाही, ते ठाऊक आहे, भाऊ. तुमच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्या सह्या आहेत ना? आमचं नाव दुसऱ्यानं लिहिलंय, खाली नुसता शाईचा ठिपका. ज्याला सही येत नव्हती, तो चिठ्ठी काय लिहिणार?"

ते चित्र मीच निवडलं होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"वाचणारे तुम्ही. मी कुणाला सांगणार होते?" त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. "अक्षरांच्या खाचांत घासा. शेवाळ तिथेच राहतं."

लोक आले तेव्हा माझे गुडघे चिखलात होते. मी उठून वाचलं आणि हारुनाच्या जागी आमचं नाव घेतलं. वहिनी नेहमीसारख्या सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. मी गेलो आणि त्यांच्याही मागे उभा राहिलो.