कॅमेऱ्यात कोंडलेलं ऊन

मी सांगतो त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसावा अशी माझी इच्छाही नाही. आमच्या खर्डा गावात खरं बोलणारे पुष्कळ पडलेत. त्यांचं ऐकायला कुत्रंसुद्धा थांबत नाही.

तर आमच्या पडवीतल्या खोलीत भाड्यानं राहायचे आप्पासाहेब मास्तर. शाळेत पाढे शिकवायचे आणि उरल्या वेळात फोटो काढायचे. लग्नाचे, सत्काराचे काढले असते तर गावानं शहाणा तरी म्हटलं असतं. पण हे काढायचे शेजारची रंगुबाई राखेनं पातेलं घासते त्याचा. पातेल्याला पोक आलेलं, रंगुबाईलाही. कोण बघणार ते?

पहिला कॅमेरा म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. त्यात माणूस मानेपर्यंतच यायचा. मच्छिंद्र न्हाव्याचा दाढी करतानाचा फोटो काढला, त्यात वस्तरा आहे, साबण आहे, मुंडकं दोघांचंही नाही. दुसरा कॅमेरा भात्याचा, लोहारासारखा पुढं ओढायचा. उंदरानं भाता कुरतडला आणि प्रत्येक फोटोत एक पांढरा पट्टा यायला लागला. मास्तर म्हणाले, "हा प्रकाशाचा खेळ आहे."

मी म्हटलं, "मास्तर, ह्यो उंदराचा खेळ हाय."

तिसरा मात्र नवा, कातडी पिशवीतला. बहात्तरच्या दुष्काळात मास्तर तो गळ्यात अडकवून रस्त्याच्या कामावर फिरले. खडी फोडणाऱ्या बाया, हातावर सरकारी खाऊ, सुकडी, घेऊन उभी पोरं, सावलीला निजलेला मुकादम, असा अख्खा रोल भरला. तो नगरच्या प्रदर्शनाला धाडायचा होता. दसऱ्यानंतर रोल धुऊन आला तो तव्याच्या बुडासारखा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळा. मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कॅमेराच नासका आहे. विकून टाकतो. पुन्हा या नादाला लागणार नाही."

घ्यायला जामखेडहून जुने कॅमेरे विकत घेणारा छगन आला. ओसरीवर बसून त्यानं कॅमेरा उलटापालटा केला.

"मास्तर, यात खोट काय हाय?"

मास्तर पडले खरं बोलणारे. "काय की. कुठून तरी प्रकाश शिरतो," एवढंच म्हणाले. असल्या माणसाच्या हातून विळासुद्धा विकला जायचा नाही. म्हणून मी तोंड घातलं.

"छगनराव, खोट कॅमेऱ्यात न्हाई, उन्हात हाय. यंदाचं ऊन तुमी बघितलंच. मास्तर आपल्या गावच्या किल्ल्याच्या तटावर चढले, खटका दाबला, अन् ऊन जे आत शिरलं ते भायेर यायला तयार न्हाई. आठ दिस पिशवी तापलेली. आमच्या मंडळींनी त्यावर पापड भाजले."

"कॅमेऱ्यावर?"

"तीन चांगले झाले. चौथा करपला."

छगन हसला. "म्हंजी नासकाच की. असू द्या, मोडून सुटं सामान काढीन." मास्तरांनी मान डोलावली. छगननं कॅमेरा पिशवीत घातला, पट्टा खांद्याला लावला आणि उठला.

दारात दळण निवडत बसलेल्या आमच्या मंडळींनी, भीमाबाईंनी, सूप खाली ठेवलं.

"मी पापड भाजले न्हाईत. अन् किल्ल्यावर काय बी झालं न्हाई. खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, पाण्याचं इंजिन, समदं पूजेला मांडलं, त्यात मास्तरांनी कॅमेरा बी ठिवला. तुमी इंजिनाचं झाकण काढून आत कुंकू लावता, तसं तुमीच त्याचं बी मागलं झाकण काढलं. भर दुपारी, अंगनात. म्हनला, काम आत हुतं तर पूजा वरनं कशी चालंल. आतली फोटूची गुंडाळी बघून भ्याला, धोतरानं कुंकू पुसलं अन् झाकण लावून टाकलं. छगनराव, कॅमेरा धड हाय. ठिवा खाली. बिघाड आमच्या ह्यांच्या बोटात हाय."