आधी पंप, मग पिस्ते

पाहुण्याला फारसी येत नाही, असे सियामकने दारातच सांगितले आणि माहदोख्त खानमच्या मनात पाल चुकचुकली. भाषा न येणारा माणूस तिबिलिसीहून थेट रफसंजानच्या पिस्त्याच्या बागेत कशाला तडफडेल?

इराणवरच्या निर्बंधांमुळे बँकांच्या वाटा बंद होत्या. म्हणून परराष्ट्र खात्यातल्या या भाच्याने, सियामकने, वस्तूला वस्तू असा सौदा जुळवला होता. पिस्ते जॉर्जियाला जायचे, खोल विहिरीचे पंप इकडे यायचे. खानमचा पंप कधीचा बंद पडला होता. उन्हाळ्याआधी नवा बसला नाही, तर सासऱ्यांनी लावलेली झाडे उभी वाळणार होती.

"अम्मे-जान, घासाघीस नको," सियामक पाहुण्यादेखत म्हणाला. "लोमाद्झेसाहेब आधी पिस्ते मागतायत. देऊन टाकू. आपल्याला दुसरा विचारतोय कोण?"

"दवंडीच पिट ना आता."

"त्यांना कुठे कळतंय?"

लोमाद्झे उठून खिडकीशी गेला. खानमकडे त्याची पाठ झाली. तत्क्षणी छातीशी हात नेऊन तो अर्धवट वळला, क्षमा मागावी तशी मान लववली. पाठ झाल्याची माफी मागणाऱ्याला इराणी घरात द्यायचे ठरलेले फारसी उत्तर सवयीने खानमच्या तोंडून गेले, "फुलाला कसली पाठ नि कसलं पोट?"

सियामकचे तोंड कुलुंप्याने, खजूर भरलेल्या बिस्किटाने, गच्च भरलेले. भाषांतर झालेच नाही. तरी पाहुणा ओशाळून हसला.

म्हणजे मघापासून हा आपली नड शब्दन्‌शब्द वेचत बसला होता. खानमनी चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू दिली नाही.

"राहू दे, सियामक," त्या फारसीतच संथपणे म्हणाल्या. "उद्या त्या अल्मातीच्या व्यापाऱ्याला बोलावते. तो पंप आधी बसवून देतोय."

"कोण अल्मातीवाला?"

"तुमच्या खात्याला सगळंच ठाऊक असतं होय?"

सियामक घास गिळून इंग्रजीत काही सांगणार, तोच लोमाद्झे इंग्रजीत बोलला, "पंप आधी पाठवायला माझी हरकत नाही."

सियामकचा हात बशीवरच थांबला. त्याने पाहुण्याकडे पाहिले, मग आत्याकडे.

"अम्मे-जान, यांना तर..."

"पाहुण्यांना चहा ओत," खानम म्हणाल्या. "आणि करारात घाल. पंप विहिरीत उतरून पाणी वर आल्याखेरीज एकही पोतं फाटकाबाहेर जाणार नाही. भाषांतराचे कष्ट घेऊ नकोस. समजतील ते."