लोणच्याच्या बरणीतली पाहुणी

मी मनकर्णाबाईंची लोणच्याची बरणी बोलतेय. आत्ता त्यांच्या अकोल्याच्या गच्चीवर, मे महिन्याच्या उन्हात, कठड्यावर पालथी बसलेय. शेजारी एक ओलं गाठोडं वाळतंय. त्याचीच मला धास्ती आहे.

बाईंची लेक संध्या खोल समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करते. जहाजावर जाताना बाईंनी तिला मला गळ्यापर्यंत कैरीचं लोणचं भरून दिलं. त्या शास्त्रज्ञ मंडळींनी तेलसुद्धा पुसून खाल्लं! पुढे पाच किलोमीटर खालचा गाळ वर आला आणि त्यात एक समुद्रकाकडी निघाली, नाव काकडीचं पण जीव प्राण्याचा. जांभळट, वीतभर, मागे शेपटी मिरवणारी. तशी कुणीच पाहिलेली नव्हती. जहाजावरच्या बरण्या संपलेल्या, म्हणून संध्यानं तिला, कुजू नये असं स्पिरिट घालून, माझ्यात ठेवलं. माझ्या अंगाला मोहरीचा वास येत होता, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ही पाहुणी राहायची तिथं, समुद्राच्या तळाशी, बटाट्याएवढे धातूचे गोळे पसरलेत. कंपन्यांचं ते उपसायचं चाललंय. तिथं कोण राहतं हे आधी दाखवायला हवं, असा संध्याचा हट्ट. आणि दाखवायला ही एकटीच.

तिची ओळख पटवायला कोलकात्याच्या तज्ज्ञांकडे आम्ही निघालो. रेल्वेत स्पिरिटची बरणी नेता येत नाही, म्हणून पाहुणीला स्पिरिटात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून माझ्यात ठेवलेलं. उन्हानं फडकं सुकत चाललं, तशी संध्या अकोल्याला उतरली. घाईत काही न सांगता मला घरी ठेवून कृषी विद्यापीठातल्या मैत्रिणीकडे स्पिरिट आणायला गेली.

बाईंनी मला लगेच ओळखलं. "माही बरणी! अन् हे काय भरलं इच्यात? कसं वास मारून राह्यलं!" गाठ सोडायचीही त्यांना किळस आली. "असंन पोरीच्या कामाचं. वाळू दे जरा."

लोणच्याची बरणी उन्हात खणखणीत वाळवावी लागते. मला घासून इथं ठेवलं. गाठोडं उडू नये म्हणून त्याचं टोक माझ्याखाली दाबलं.

फडक्याची ओली कड आत आत सरकतेय. संध्या, ये ना गं!

कावळा आला. मेला चोच मारतोय. फडकं ओढतोय. मी हललेय. मला ओरडता येत नाही, पण खाली पडता येतं. ओढ, आणखी ओढ.

खळ्ळकन आवाज झाला.

बाई धावत आल्या, मागून संध्या, हातात बाटली. "आई, हे वाळलं का सारं संपते वं!" तिनं फडक्यावर स्पिरिट ओतलं, गाठ सोडली. शेपटीचं टोक कडक झालं होतं. बाकी सगळी शाबूत होती. संध्या तिथेच बसून रडली आणि रडतरडत तिनं आईला सगळं सांगितलं.

"मले काय मालूम, बाई," मनकर्णाबाई पुटपुटल्या. खाली जाऊन फळीवरची माझी धाकटी बहीण, दुसरी बरणी, घेऊन आल्या, पदरानं बरणीचं तोंड पुसलं. "हे घे. अन् सांग त्या उपसनाऱ्याईले, तिथं कोनी राह्यते म्हना."

माझे तुकडे आता कागदात बांधलेत, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. यंदाचं लोणचं माझ्याशिवाय मुरेल. धाकटे, तुला एवढंच सांगते, झाकण घट्ट ठेव.