म्हाताऱ्याचा अंगरखा

मावशीच्या भरतकामाच्या दुकानात दोन कॉम्प्युटर होते. दाराजवळचा नवा, भाचीचा; त्यावर ऑर्डरी यायच्या. आतल्या खोलीतला जुना, मावशीचा. त्याला दोघी म्हातारा म्हणत. मागल्या वर्षी त्याच्या पडद्यावर सूचना उमटली, की यापुढे कोणतेही अपडेट मिळणार नाहीत. भाचीने ती मोठ्याने वाचून दाखवली.

"मलाही कुठे मिळतात?" मावशी म्हणाली. "माझं काम अडलंय का?"

बोलायला तिखट असली, तरी मावशी कामात बेसावध नव्हती. अपडेट नाहीत म्हणजे दाराला कडी नाही, हे ती जाणून होती. तिने त्याच दिवशी म्हाताऱ्याची इंटरनेटची वायर काढली. "आजपासून हा सोवळ्यात. याला बाहेरचं काही लावायचं नाही." तो टाकणं परवडणारं नव्हतं. भरतकामाचं मशीन त्याच्याच हुकमावर चालायचं, आणि मावशीने उभ्या आयुष्यात रचलेली सगळी चित्रं त्याच्या पोटात होती. नव्या प्रोग्रॅमला ती उघडता येत नव्हती.

दुकानात धाग्यांचा भुगा सतत उडतो. मावशीने म्हाताऱ्यासाठी एक अंगरखा शिवला. आत कापूस, वर जाड अस्तर, कडेला वेलबुट्टी. दुकान बंद करताना तो चढवायचा, सकाळी उतरवायचा.

"एवढे लाड माझेही झाले नाहीत," भाची म्हणाली.

"तुला आईबाप आहेत. त्याला आता कोणी वाली उरला नाही."

मग वाद्यवृंदाचं काम आलं. निळ्या कोटांच्या छातीवर सोनेरी कर्णा भरायचा होता. कर्ण्याचं चित्र मावशीचंच, तरुणपणी रचलेलं. भाचीने काम घेतलं, पण अट घालून. "हे म्हाताऱ्याने निभावलं तर मी गप्प बसेन. मध्येच मान टाकली, तर नवीन मशीन, नवीन प्रोग्रॅम, आणि तुझी चित्रं गेली असं समजायचं."

"कबूल," मावशी म्हणाली, आणि त्या आठवड्यात भुगा फार म्हणून अंगरखा दिवसभर उतरवलाच नाही.

कोट एकामागून एक पार पडले. शेवटचा बँडमास्तरांचा. तो न्यायला ते स्वतः आले, कारण संध्याकाळी बागेत कार्यक्रम होता. कोट फ्रेममध्ये ताणलेला, सुई धावत होती. कर्ण्याचं तोंड भरून झालं, नळी अर्ध्यावर आली आणि मशीन थांबलं. पडदा काळा झाला.

बँडमास्तर वाकून बघू लागले. "मावशी, अर्ध्या कर्ण्यातून सूरही अर्धाच निघायचा."

भाचीचा चेहरा उतरला. कोट बिघडला, तर तसं निळं कापड आता कुठे मिळणार नव्हतं. "मी सांगत होते ना..."

"सांगत होतीस. आता फ्रेमला हात लावू नकोस. कापड केसभर जरी हललं तरी संपलं."

मावशीने म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. अंगरखा इस्त्रीसारखा तापला होता.

"अगं बाई! वय नाही नडलं याला. मीच गुदमरवलाय."

तिने अंगरखा ओढून काढला. भाचीने वीज बंद करून त्याच्या डब्याचे स्क्रू सोडवले. आतल्या पंख्याच्या पात्यांवर निळा भुगा थापून बसला होता. मावशीने बॉबीन साफ करायच्या ब्रशने एकेक पातं मोकळं केलं. भाची पुठ्ठ्याने वारा घालू लागली. बँडमास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तेही तिने वारा घालू लागले.

"माझ्या सासऱ्यांनाही मी असा वारा घातला नाही," ते म्हणाले.

डबा निवल्यावर मावशीने बटण दाबलं. म्हातारा कण्हला, कुरकुरला, आणि सावकाश पडद्यावर कर्णा उभा राहिला. पण खरं काम पुढे होतं. सुई नेमकी कुठल्या टाक्यावर थांबली होती, हे म्हाताऱ्याला आठवत नव्हतं. एक टाका चुकला तर सोनेरी नळीवर गाठ किंवा फट दिसणार होती. मावशी पडद्यावर एकेक टाका सरकवू लागली, तशी फ्रेमही सरकू लागली. भाची भिंग धरून सुईशी बसली आणि हाताने चाक फिरवून सुई खाली आणू लागली.

"पुढे गेलीस. मागे," भाची म्हणाली.

"इथे?"

"नाही. अजून मागे. हळू गं! थांब... पुन्हा एक." भाचीने पुन्हा चाक फिरवलं. "बसली! जुन्या भोकात बसली, मावशी!"

"मग सोड."

सुई धावली. नळी भरली, कर्ण्याची बटणं भरली, खालची पानं भरली. म्हातारा अंगावर काहीही न घेता, पोट उघडं टाकून चालत राहिला.

कोट फ्रेममधून सुटला, तसा बँडमास्तरांनी तो खिडकीपाशी नेला. नळीवरून अंगठा फिरवला, एकदा वरून, एकदा खालून. मग कोट उलटा करून पाहिला.

"थांबलं होतं ते नेमकं कुठे?" त्यांनी विचारलं.

मावशी उत्तर द्यायला वळली, तोच भाची पुढे झाली. "शोधा की," ती म्हणाली. "सापडलं तर कोट फुकट. आमच्या म्हाताऱ्याचं काम आहे ते."

बँडमास्तर पुन्हा खिडकीकडे वळले. मावशी खुर्चीत टेकून बसली आणि तिने त्यांना शोधू दिलं.