बुवांनी माइक सोडला तेव्हा

मी एक जुनी उबवणी पेटी आहे, मित्रांनो. यवतमाळच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात राहते. पत्र्याचं अंग, काचेचं दार आणि पोटात कोंबडीची अंडी. मी फार भित्री आहे. दिवा जरा लुकलुकला तरी मी दचकते.

अनघाताई इथे शिकत होती, तेव्हा माझ्यातल्याच एका अंड्याचं कवच हळूच उघडून तिने आतला, पिल्लाच्या हृदयाचा धडधडणारा लाल ठिपका पाहिला. त्या ठिपक्यामागे ती पुण्याला गेली, परदेशात गेली. मी अडगळीत गेले. प्रोफेसर होऊन परतल्यावर तिनेच माझी धूळ पुसली. ती मुलांना सांगते, शरीराच्या प्रत्येक पेशीत जनुकांची पोथी तीच असते. पण कुठल्या पेशीनं कुठलं पान कधी उघडायचं, हे कशानं ठरतं? हृदयाचं पान कसं उघडतं, हे ती शोधते आहे, हृदयाला छिद्र घेऊन जन्मणाऱ्या बाळांसाठी.

गेल्या मे महिन्यात तिच्या प्रकल्पाची शेवटची अंडी माझ्या पोटात होती. ती ठेवल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी वादळ आलं, तारा तुटल्या. मी गार पडू लागले. गारव्यानं पिल्लांची वाढ थबकली की तिची सगळी निरीक्षणं चुकणार, आणि पुन्हा अंडी आणायला मुदत उरली नव्हती. मी नुसती देवाचं नाव घेत होते.

"म्याडम, लाईन काही आज येत नाही," शिपाई देवसिंग म्हणाला. "बाजूच्या मंदिरात जनरेटर आहे. चला, उचलू हिले."

मंदिरात कीर्तन रंगलं होतं. मला पाहून कीर्तन ऐकायला पुढेच बसलेल्या विमलताई उठल्याच. "अंडी? मंदिरात? डोकं फिरलं का तुह्यं, देवसिंग?"

"पिल्लं आहेत ताई. अजून अंगावर पिसं नाही घातली त्यायनं, एवढंच."

जनरेटर लहान. माइक आणि मी, दोघांचा भार त्याला पेलेना. कीर्तनकार भगवानबुवांचा घसा आधीच बसलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मी बाहेर.

"आईच्या पोटातल्या जिवानं देवाचं नाव ऐकलं, हे मी आताच कीर्तनात सांगून राह्यलो होतो नं, विमलताई?" बुवा म्हणाले. "मंग ह्यायले कोणत्या तोंडानं बाहेर काढू? माइक काढा. मागच्यायनं पुढं सरका."

सगळे माझ्याभोवती दाटीनं बसले. माझी तार तापू लागली. बुवांचा आवाज फाटत होता. तो पार चिरकला, तेव्हा ध्रुपद विमलताईंनी उचललं. अनघाताईनं माझ्या दारावरचा हात शेवटपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी बुवा प्रयोगशाळेत आले. गाऊन गाऊन आवाज पार गेला होता. त्यांनी भिंगातून तो लाल ठिपका पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि बोटांनी टेबलावर त्याचा ताल धरला.

मित्रांनो, वारा सुटला की मी अजूनही घाबरते. तुम्ही एवढंच करा. लाईन गेली की स्वतःसाठी उजेड शोधण्याआधी, शेजारी कुणाचं काही गार पडतंय का, ते बघून या. माझ्यासारखीला हाक मारता येत नाही.